पप्पांची जपानी पेज

नांदेडला शिकायला आलेल्या पोरापोरींना दोन गोष्टींची सवय करून घ्यावीच लागते, खोलीवरचा पंखा आणि मेसचा डबा. पंखा फिरतो पण वारा देत नाही, डब्यात वरण असतं पण त्यात डाळ सापडत नाही. लुंबिनीला तिसरं वर्ष लागलं तोवर या दोन्हींबद्दल कुरकुरणं तिनं सोडून दिलं होतं. सकाळी कॉलेज, दुपारी प्रॅक्टिकल आणि संध्याकाळी वहिदा मॅडमच्या घरी जपानीचा क्लास, असा तिचा दिवस ठरलेला. वहिदा मॅडम नांदेडच्याच. जपानात एका वृद्धाश्रमात बरीच वर्षं काम करून त्या परत आल्या होत्या. तिकडं म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला जाऊ पाहणाऱ्या पोरांना त्या भाषाही शिकवायच्या आणि कामही.

शनिवारी मात्र पुस्तकं बंद आणि गॅस चालू. "ज्यांच्या घरी जाऊन राहायचं त्यांचं जेवण खाता आलं पाह्यजे. नुसतं बोलता येऊन काय फायदा?" असं मॅडमचं म्हणणं. दसरा नुकताच झाला होता. दुपारचं ऊन अजून चटके देत होतं, पण संध्याकाळी अंगणात बसलं की अंगाला बरं वाटायचं. नवरात्र उरकल्यामुळं बाजारात रताळी स्वस्त झाली होती, म्हणून मॅडमनी त्या शनिवारी इमोगायु केलं. इमोगायु म्हणजे जपानी लोकांची रताळ्याची पेज. तांदूळ भरपूर पाण्यात मंद आचेवर शिजू द्यायचा, अर्ध्यात रताळ्याच्या फोडी सोडायच्या, वरून चिमूटभर मीठ. संपला स्वयंपाक! फोडणी नाही, तिखट नाही, कोथिंबिरीची काडीसुद्धा नाही. तिकडं झाडांची पानं लाल होऊन गळायला लागली, हवेत गारवा आला, की घरोघरी असलं काहीतरी शिजत असतं म्हणे. सोबतीला मिसोचं सूप होतं. मिसो सोयाबीनचं करतात हे ऐकून सगळा क्लास हसला. आमच्याकडं जिकडं बघाल तिकडं सोयाबीन, पण ते मोंढ्यात, धान्यबाजारात, नेऊन घालायचं असतं. ते वाटीत घेऊन प्यायचं असतं हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

खायच्या आधी मात्र एक शिक्षा असायची. जोड्या लावायच्या, एकानं म्हातारं व्हायचं आणि दुसऱ्यानं त्याला भरवायचं. मॅडम डोक्याशी उभ्या राहून बघायच्या. भरवणाऱ्यानं उभं राहायचं नाही, समोर बसायचं, तेही जरा खाली. चमचा अर्धाच भरायचा, खालून आणायचा, आणि मग म्हाताऱ्याचा गळा बघत गप्प थांबायचं. गळ्याची गाठ वर जाऊन खाली आली की घास उतरला. त्या गिळण्याच्या आवाजाला जपानीत गोक्कुन म्हणतात. गोक्कुन झाल्याशिवाय दुसरा चमचा उचलला की मॅडमची टपली पडलीच.

त्या दिवशी लुंबिनी म्हातारी झाली होती आणि साक्षी नावाची तिची मैत्रीण भरवत होती. पहिला चमचा तोंडात गेला. मऊ, गरम, गोडसर. जिभेनं नुसतं दाबलं की विरघळणारा. अशी पेज तिनं उभ्या जन्मात खाल्ली नव्हती, आणि तरी ती ओळखीची वाटत होती. लुंबिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"तिखट लागलं का गं?" साक्षीनं घाबरून विचारलं.

"ह्यात तिखट कुठाय?" लुंबिनी म्हणाली आणि सरळ रडायलाच लागली.

मॅडमनी तिला हाताला धरून आत नेलं, पाणी दिलं. मग सगळं बाहेर आलं. लुंबिनीचे वडील आनंदराज लातूर डेपोत एस.टी.चे ड्रायव्हर. भादव्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला, जीभ जड झाली. दवाखान्यातून लातूरजवळच्या मुरूडला, घरी आणलं, तर घरी आल्यावर गिळवेना. पाणी प्यायलं की ठसका, चहा घेतला की ठसका, तोही असा की माणूस काळानिळा व्हावा. शेवटी त्यांनी तोंडच मिटून घेतलं. कुणी वाटी पुढं केली की मान वळवायची. अंगावरचं मांस झडत चाललं होतं. आणि आज सकाळी आईचा फोन आला होता. सोमवारपर्यंत तोंडानं काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. डॉक्टरांच्या लेखी ती चार दिवसांची सोय. पण पप्पांबरोबर वर्षानुवर्षं गाडीवर असलेले कंडक्टर तसली नळी नाकात असतानाच गेले होते, आणि पप्पांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. नळीचं नाव काढताच त्यांनी डाव्या हातानं खाटेवर आपटून आपटून नको म्हणून सांगितलं. मग पुढं काय, हे घरात कुणी तोंडानं बोलत नव्हतं.

"त्यांना खायला काय देऊन राहिले तुम्ही लोक?" मॅडमनी विचारलं.

"पातळच देतो मॅडम सगळं. तांदळाची पेज, वरणाचं पाणी, चहा, नारळपाणी. घट्ट काहीच न्हाई."

"आणि बसवून देता का झोपवून?"

"उशीवर. उठवलं तर त्रास हुईल ना त्यांना."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! लुंबिनी बेटा, सहा महिने झाले, तू माझ्याकडं काय शिकून राहिलीस? लकवा झालेल्या माणसाचा गळा हळू चालतो. पाणी पळतं. गळ्याचा दरवाजा बंद व्हायच्या आधीच ते श्वासाच्या नळीत घुसतं. पातळ म्हंजे हलकं असं आपल्याला वाटतं. त्याला तर तेच सगळ्यात अवघड!"

लुंबिनीला आपली वही आठवली. दर शनिवारी ती धडधाकट पोरांना भरवत होती, गळ्याची गाठ बघत होती, वहीत चित्रं काढत होती. पण ते सगळं जपानात गेल्यावर वापरायचं, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्याचा मुरूडशी काय संबंध? आजाऱ्याला पेज पाजायची हे तर जन्मल्यापासून माहीत असलेलं, त्याला क्लास कशाला लावायचा? काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. तिला स्वतःचा असा राग आला की रडणं जागच्या जागी थांबलं.

"आधी डॉक्टरला विचार," मॅडम म्हणाल्या. "माझ्या भरोशावर काही नक्को करू."

डॉक्टर फोनवर भेटले आणि थोडे चिडलेही. "अहो, घरी सोडताना हेच तर सांगितलं होतं. घट्ट द्या, बसवून द्या, थोडं थोडं द्या." सांगितलं असणारच. पण त्या वेळी खाटेभोवती निम्मं मुरूड उभं होतं. त्या गलक्यात कुणी काय ऐकलं कोण जाणे. "उद्या करून बघा," डॉक्टर म्हणाले, "पण ठसका लागला किंवा आवाज घरघरला तर तिथंच थांबायचं आणि लगेच घेऊन यायचं. हयगय नको." लुंबिनीनं हो म्हटलं. मॅडमनी तिला उरलेली पेज खायला बसवली, आणि ती खाता खाता पप्पांसाठी ती किती घोटायची, चाळणीतून कशी काढायची, झाली की नाही हे कसं ओळखायचं, ते दोनदा वदवून घेतलं.

रविवारी पहाटेच्या गाडीनं ती निघाली. लोहा, अहमदपूर, चाकूर असं करत गाडी लातूरला पोचेपर्यंत दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी चाललेली होती, आणि खिडकीतून येणारा भुस्सा केसांत बसत होता. मांडीवर पिशवी, पिशवीत रताळी. रताळी काय मुरूडला मिळत नव्हती होय! पण नांदेडच्या रताळ्यांनीच ते जमतं, अशी तिची आपली एक भाबडी समजूत झाली होती.

आता आपल्याकडच्या भेटीला येणाऱ्यांबद्दल सांगायला हवं. आजाऱ्याला भेटायला जायचं ते रिकाम्या हातानं जायचं नाही. आणि नेलेलं त्याच्या तोंडात पडलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय उठायचं नाही, अशी आपली रीत. "माझ्या हातचा एक घोट तरी घ्या" असं म्हणत माणूस जो बसतो तो बसतो. आनंदराजांना तर अख्खा तालुका ओळखत होता. डेपोतले लोक, गाडीनं रोज जाणारे मास्तर, विहारातली मंडळी, सगळ्यांची रीघ लागलेली. कुणी उसाचा रस आणी, कुणी ताक, कुणी ग्लुकोजचं पाणी. सगळेच मायेचे, आणि अडचण तीच होती. एकेका घोटासरशी पप्पांना ठसका लागायचा, आणि आणणारे डोळे पुसत घरी जायचे.

लुंबिनी घरात पाऊल टाकते तो तिची आत्या, कस्तुराबाई, भावाच्या उशाशी बसलेली. एका हातानं त्यांचं डोकं धरलेलं आणि दुसऱ्या हातात चहाची बशी, अगदी ओठांना टेकलेली.

"आत्या, थांब!"

लुंबिनी इतक्या जोरात ओरडली की बशी कलंडून चहा चादरीवर सांडला. आत्या पप्पांहून मोठी, नवरा लवकर गेलेला, बोलायला फटकळ. आजवर तिच्यावर कुणी आवाज चढवला नव्हता. आई, महामाया, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि पदर तोंडाला लावून बघायला लागली.

"थांब म्हंजी?" आत्या उठली. "माज्या भावाला मी इख पाजून राहिले का? नांदेडला चार बुकं काय वाचली, तर आत्यावर वरडायली! महामाये, पोरीला हेच शिकवलं का?"

आता इथं भांडण झालं असतं तर सगळंच हातचं गेलं असतं. लुंबिनीनं पिशवी खाली ठेवली आणि आत्याचे दोन्ही हात धरले. आदल्या दिवशी मॅडम आणि डॉक्टर जे जे बोलले ते तिनं सांगितलं. पाणी कसं पळतं, ते कुठं घुसतं, ठसका का लागतो. आत्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"म्हंजी इतके दिस..." आत्यानं कलंडलेल्या बशीकडं बघितलं. "म्या रोज दोन टाईम च्या पाजला त्याला."

"आपण सगळ्यांनीच पाजला, आत्या. मीबी पाजला. आता रडू नको, मला तुझं काम हाय. आज भाईरचं कुणी आत येऊ द्यायचं न्हाई. मला जमणार न्हाई, आईला तर भीडच पडती. हे फक्त तुलाच जमतंय."

"सरपंच आला तरी?"

"सरपंच आला तरी."

पडत्या फळाची आज्ञा! आत्यानं डोळे पुसले, खुर्ची उचलून दारात आडवी टाकली आणि तिच्यावर ठाण मांडलं. थोड्या वेळानं बाहेरून तिचा आवाज यायला लागला. "जय भीम, जय भीम. बसा वट्ट्यावर. आत न्हाई जायचं. जपानी विलाज चालू हाय." कुणीतरी उसाचा रस आणला होता, असं दिसलं. "तो तुमीच प्या," आत्या म्हणाली. "आन माज्यापुढं प्या, म्हंजी खोटं नगं."

आत एक बरा मोठा टोप गॅसवर चढला. तांदूळ शिजून फुटला, रताळी गळली, मग लुंबिनीनं ते सगळं रवीनं घोटलं आणि बारीक चाळणीतून काढलं. चमच्यात घेऊन चमचा वाकडा करायचा. पेज धार धरून गळाली तर पातळ, चमच्याला चिकटून बसली तर फार घट्ट. एका गोळ्यात सरकन घसरली तर झाली. पहिल्यांदा चिकटली. तिनं थोडं गरम पाणी घालून पुन्हा घोटली. आई शेजारी उभी राहून बघत होती, आणि तिच्या तोंडावर काही विश्वास दिसत नव्हता.

"लुंबे, ही तर खळ झाली गं. पत्रिका चिटकवायची खळ. पानी उतरत न्हाई त्या मानसाला, हे कसं उतरंल?"

"आई, मलाबी माहीत न्हाई," लुंबिनी म्हणाली. हे ती अगदी खरं बोलली.

पप्पांना दोघींनी मिळून खुर्चीत बसवलं. पाठीला उशा, पाय जमिनीवर, उजवा हात मांडीवर नीट ठेवलेला. लुंबिनी समोर पाटावर बसली, त्यांच्यापेक्षा खाली. वाटी दिसताच पप्पांनी ओठ मिटले आणि मान भिंतीकडं वळवली. इतकी वर्षं रात्रीबेरात्री घाटातून गाडी काढणारा माणूस एका वाटीला घाबरत होता, हे बघून तिनं वाटी मांडीवर घेतली. भीतीच होती ती, हट्ट नव्हता. आजवर सगळे त्याला हट्ट समजून समजूत घालत बसले होते.

"पप्पा, ह्यात पळणारं काई न्हाई," ती म्हणाली. "ठसका लागला तर मी लगी थांबणार. तुमी न्हाई म्हनलं की वाटी खाली ठेवणार. जबरदस्ती न्हाई."

ते वळले नाहीत. ती थांबली. क्लासमध्ये थांबायचं म्हणजे चेष्टा होती, इथं मात्र भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज तिच्या कानात घणासारखा पडत होता. उद्या सोमवार. हे जमलं नाही तर दुसरं काही तिला येत नव्हतं. चमचा धरलेला हात थरथरायला लागला, आणि लपवायचा म्हणून तिनं तो गुडघ्यावर दाबून धरला, तरी थांबेना.

"मलाबी लई भ्या वाटून राहिलंय पप्पा," ती म्हणाली. हे काही मॅडमनी शिकवलेलं नव्हतं.

पप्पांनी मान फिरवली. आधी तिच्या हाताकडं बघितलं, मग तिच्याकडं. पोरगी भेदरलेली त्यांना कधीच बघवायची नाही. ती सायकल शिकताना पडली तेव्हाही रडली ती नव्हती, यांचेच डोळे भरले होते. त्यांनी हनुवटी खाली केली आणि तोंड उघडलं. फार नाही, चमचा जाईल इतकंच.

अर्धा चमचा. तोंड मिटलं. लुंबिनीचे डोळे गळ्याच्या गाठीवर. गाठ हलली, अडखळली, परत थांबली. आई स्वयंपाकघराच्या दारातून वाकून बघत होती. मग गाठ वर गेली आणि खाली आली. लुंबिनी ठसक्याची वाट बघत राहिली. ठसका आला नाही.

"आ म्हणा पप्पा."

"आ."

आवाज कोरडा, मोकळा. घरघर नाही. दुसरा चमचा तिनं भरला तो तसाच अर्धा. पुन्हा गाठ, पुन्हा वाट, पुन्हा आ. तिसऱ्याला पप्पांनी स्वतःच तोंड पुढं केलं. वाटी अर्ध्यावर आली तेव्हा त्यांनी थोडं थांबून, जड जिभेनं, एकेक अक्षर जुळवत सांगितलं, "गोड... हाय." पप्पांना झटका आल्यापासून त्या घरात चवीबद्दल कुणी बोललं नव्हतं. लुंबिनीचा जीव भांड्यात पडला. हसू येतंय की रडू हे तिला कळेना, मग दोन्ही आलं. आत्या दारातली खुर्ची सोडून आत धावली आणि भावाच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडायला लागली. ओट्यावरच्या मंडळींना तिनंच ओरडून सांगितलं, "खाल्लं गं बाई! माज्या आनंदानं खाल्लं!"

वाटी संपल्यावर पप्पांनी ती डाव्या हातानं वाजवली. आणखी पाहिजे होतं. "आता न्हाई, दोन तासांनी," लुंबिनी म्हणाली, आणि ते तिच्यावर डोळे वटारून बसले, तर तिला त्या रागाचंही कौतुक वाटलं. तिनं डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं विचारून घेतलं, ताप आहे का, खोकला आहे का, आवाज कसा आहे. मग म्हणाले, "असंच चालू ठेवा, उद्या मला दाखवून जा. नळीची घाई करायला नको आता." फोन ठेवल्यावर लुंबिनी तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. पहाटेपासून तिनं काही खाल्लं नव्हतं, हे तिला आत्ता आठवलं.

टोपात पेज उरली होती. तिनं आत्याला वाटी दिली, स्वतः घेतली, आणि आईसाठी एक भरली. आत्यानं पहिला घास घेऊन नाक मुरडलं, मीठ-मिरचीची चौकशी केली आणि मग मुकाट्यानं वाटी चाटूनपुसून साफ केली. आई मात्र वाटी घेऊन स्वयंपाकघराकडं निघाली.

पप्पांनी खुर्चीच्या दांडीवर हात आपटला. आई वळली.

"हितं," त्यांनी समोरच्या पाटाकडं बोट केलं.

"खाते की आत जाऊन. भांडी पडलीत," आई म्हणाली.

"हितं... खा." शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. "चोरून... नको."

आईचा चेहरा पडला. लुंबिनीला एकदम उमगलं. नवरा घास घेऊ शकत नाही, आणि आपल्या पोटात भूक मात्र वेळच्या वेळी उभी राहते, याची आईला लाज वाटत होती. म्हणून इतके दिवस ती दाराआड उभ्यानं, ताटाचा आवाज होऊ न देता, कोरडी भाकरी कशीबशी पोटात ढकलत होती. आणि खाटेवर पडल्या पडल्या पप्पांना ते सगळं ऐकू येत होतं.

"म्या... तुमच्यापुढं कसं खाऊ वो?" आई म्हणाली आणि तिथंच रडायला लागली.

पप्पांनी पुन्हा पाटाकडं बोट केलं. आई येऊन बसली. वाटी हातात घेतली, मान खाली घातली आणि पहिला चमचा तोंडात घातला. मग दुसरा. तिची वाटी रिकामी होईपर्यंत पप्पा तिच्याकडं बघत बसले होते.